बंडलसिक्वेन्सची यादी मोडताना

अनेक मशीनची मांडणी हवी तशी ठेवणाऱ्या अवजारांपैकी एक म्हणजे सीएफइंजिन. आमची सगळी पॉलिसी, म्हणजे कोणती मशीन कशी असावी याचे नियम, त्यात होती आणि ती चालत होती. दीडशेच्या आसपास मशीन: वेब, डेटाबेस, मेल, बॅकअप, मॉनिटरिंग आणि कशासाठी उभी केली हे कुणालाच धड आठवत नाही अशी काही. प्रत्येक मशीनवरचा एजंट, म्हणजे हे नियम राबवणारा प्रोग्रॅम, दर पाच मिनिटांनी उठायचा, हबवर, म्हणजे पॉलिसी वाटणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरवर, काही नवीन आहे का ते बघायचा, असलं तर ओढून घ्यायचा आणि कामाला लागायचा. अडचण वेगळीच होती. कोणत्या मशीनवर काय चालतं आणि कशानंतर चालतं, हे विचारलं की सगळे एकाच जागेकडे बोट दाखवायचे. ती जागा म्हणजे प्रॉमिसेस डॉट सीएफ या मुख्य फाइलमधली बंडलसिक्वेन्सची यादी. आणि ती यादी वाचून काहीही कळत नसे.

बंडल म्हणजे एका विषयाच्या नियमांचा गठ्ठा. दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचचं एक बंडल, घड्याळ जुळवण्याचं एक, लॉग फिरवण्याचं एक. बंडलसिक्वेन्समध्ये नावं ज्या क्रमाने लिहिली असतील त्या क्रमाने एजंट ती चालवतो. आमच्याकडे ज्याला जे लागलं ते त्याने यादीच्या तळाशी चिकटवत नेलं होतं. काही नावांशेजारी कॉमेंट होती, ‘हे वर हलवू नये’. का, ते लिहिलेलं नव्हतं आणि लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेला होता. त्यामुळे यादीला हात लावायचं म्हटलं की सगळे गप्प. नवं बंडल आलं की तळाशी.

हे आवरायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक बंडलपुढे दोनच प्रश्न मांडले: हे कोणत्या मशीनसाठी, आणि याच्या आधी काय झालेलं असायलाच हवं? पहिल्याचं उत्तर बंडलच्या पोटात, तेही होस्टनेमच्या, म्हणजे मशीनच्या नावाच्या, रूपात सापडायचं. म्हणजे वेबसर्व्हरचं बंडल सगळ्याच मशीनवर चालायचं आणि आत शिरल्यावर ‘या पाच नावांपैकी तू नाहीस ना, मग जा’ असं ठरायचं. मशीन बदललं की आतली नावं बदलायची, तीही तीन-चार फाइलींमध्ये. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अपेक्षित नव्हतं. बहुतेक बंडलांना आधी काहीच लागत नव्हतं. इतक्या वर्षांत ज्या क्रमाला सगळे घाबरून होते, त्यातला फार थोडा क्रम खरा होता.

ते तसं का, हे समजायला या अवजाराचा स्वभाव बघावा लागतो. मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिनची सुरुवात १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात केली. ते तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्रावर काम करत होते आणि वेगवेगळ्या युनिक्सच्या मशीन सांभाळण्याचा कंटाळा हे निमित्त होतं. पुढे त्यांनी प्रॉमिस थिअरी मांडली आणि तिसरी आवृत्ती पूर्णपणे त्यावर उभी राहिली. तिथे तुम्ही ‘हे कर, मग ते कर’ असं सांगतच नाही. ‘ही फाइल अशी असेल’, ‘हे पॅकेज असेल’, ‘ही सर्व्हिस चालू असेल’, एवढंच लिहिता. अशा प्रत्येक नियमाला प्रॉमिस म्हणतात. एजंट दर वेळी बघतो आणि तीनपैकी एक शेरा मारतो: होतंच, दुरुस्त केलं, किंवा जमलं नाही. आज जमलं नाही ते पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं जातं. अशा पद्धतीत एखादी गोष्ट क्षणभर चुकीच्या क्रमाने झाली तरी पुढच्या खेपेला ती जागेवर येते, आणि म्हणूनच आमची ती यादी इतकी वर्षं निभावून गेली.

अर्थात, प्रत्येक क्रम असा आपोआप जागेवर येत नाही.

बंडलच्या आतला क्रम हा सगळ्यांत आधी डोकं खाणारा विषय. एजंट एका बंडलच्या तीन फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत प्रकारांचा क्रम ठरलेला असतो. आधी व्हेरिएबल, मग क्लास, मग फाइल, मग पॅकेज, मग मेथड म्हणजे दुसऱ्या बंडलांना हाक, मग प्रोसेस, सर्व्हिस, कमांड, आणि अगदी शेवटी रिपोर्ट. पॅकेजचा नियम तुम्ही फाइलच्या नियमाच्या वर लिहिलात तरी फरक पडत नाही. एकाच प्रकारातले नियम तेवढे लिहिल्या क्रमाने जातात. अँसिबलसारख्या २०१२ च्या सुमारास आलेल्या, वरून खाली टास्क चालवणाऱ्या अवजारावरून आलेल्या माणसाला हे सुरुवातीला वेडेपणाचं वाटतं. आमच्या टीममध्ये दोघांना वाटलंच.

त्यात फाइल पॅकेजच्या आधी! नवीन डेबियन (एक लिनक्स) मशीनवर मेलची भूमिका, म्हणजे मेलसर्व्हरला लागणारी बंडलं, लावून बघत होतो तेव्हा याचा पुरता प्रत्यय आला. जुन्या पॉलिसीत पॅकेज बसवायचं काम थेट कमांडमध्ये लिहिलेलं होतं, म्हणजे क्रमात आणखी खाली. एजंटने पहिल्याच फेरीत कॉन्फिग फाइल तयार करून ठेवली. त्यानंतर पॅकेज आलं, आणि डीपीकेजीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, त्याच जागी आपल्यापेक्षा वेगळी फाइल दिसली. अशा वेळी तो विचारतो, ‘तुमची ठेवू की माझी घालू?’ उत्तर द्यायला कीबोर्डवर कुणीच नव्हतं. तो एरर देऊन थांबला, पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन पडलं आणि त्यानंतरचं प्रत्येक इन्स्टॉलेशन त्याच पॅकेजपाशी अडखळू लागलं. शिवाय ती फाइल ज्या युजरच्या मालकीची असायला हवी तो युजर पॅकेजच निर्माण करतं. पहिल्या फेरीत तो अस्तित्वातच नव्हता.

हे सोडवताना तीन फेऱ्यांचा खरा उपयोग कळला. पॅकेज आम्ही कमांडमधून काढून पॅकेजच्या प्रॉमिसमध्ये आणलं. सीएफइंजिनसोबत येणारं ॲप्टचं (डेबियनची पॅकेज आणून बसवणाऱ्या अवजाराचं) मॉड्यूल डीपीकेजीला ‘आहे ती फाइल राहू दे’ असं आधीच सांगून ठेवतं. मग त्या प्रॉमिसला सांगितलं की पॅकेज आधीच असलं किंवा आत्ता बसवलं, तर एक क्लास उभा कर. क्लास म्हणजे इथे खरं-खोटं सांगणारा झेंडा. फाइलच्या नियमापुढे तो क्लास लावला. पहिल्या फेरीत फाइलची पाळी येते तेव्हा क्लास नसतो, म्हणून ती सोडून दिली जाते. नंतर पॅकेजची पाळी, क्लास उभा राहतो. दुसऱ्या फेरीत फाइल लिहिली जाते, तिने बदल केला म्हणून दुसरा क्लास उभा राहतो, आणि त्याच फेरीत खाली असलेली रीस्टार्टची कमांड चालते. एकदा हे गणित बसलं की बंडलांमधला खरा क्रमही याच पद्धतीने मांडता येतो, जागेवरून नाही. ‘हे वर हलवू नये’ या कॉमेंटच्या ऐवजी कशाची वाट बघायची ते नियमातच येतं.

रीस्टार्टबद्दल थोडं थांबून सांगते, कारण हे भोक पुष्कळ पॉलिसींमध्ये असतं आणि कित्येक महिने दिसत नाही. फाइल बदलली की क्लास, क्लास असला की रीस्टार्ट, इथवर सरळ. पण फाइल बदलल्यावर आणि रीस्टार्ट होण्याआधी एजंट मेला तर? किंवा रीस्टार्टच फसला तर? पुढच्या रनला फाइल जशी हवी तशीच असते, ‘होतंच’ असा शेरा पडतो, क्लास उभा राहत नाही आणि सर्व्हिस जुन्या कॉन्फिगवर आरामात चालत राहते. डिस्कवर नवं, मेमरीत जुनं. रिपोर्ट हिरवागार. आम्ही त्या क्लासला मुदत दिली, म्हणजे तो एजंटच्या स्टेट डेटाबेसमध्ये काही मिनिटं टिकून राहतो आणि पुढच्या रनलाही दिसतो. रीस्टार्ट यशस्वी झाला की तोच नियम क्लास खाली उतरवतो. मुदत किती द्यायची यावर वाद घालता येईल. आम्ही सढळ दिली.

याच ओघात आणखी एक खोच. कमांड शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, हा रिटर्न कोड परत करून संपली की एजंट तिची नोंद ‘दुरुस्त केलं’ अशी करतो. काहीही न बदलणारी, नुसती तपासणी करणारी कमांडसुद्धा दर पाच मिनिटांनी ‘दुरुस्ती’ दाखवते. आमच्या रिपोर्टमध्ये अशा दुरुस्त्यांचा पाऊस होता, त्यामुळे खरी दुरुस्ती कुणी वाचत नव्हतं. कोणता रिटर्न कोड म्हणजे ‘होतंच’ हे सांगता येतं. ते जिथे तिथे सांगत गेल्यावर रिपोर्ट एका पानावर मावायला लागला. मला विचाराल तर अख्ख्या कामातला सगळ्यांत फायद्याचा भाग हाच.

आता भूमिका. होस्टनेम बंडलच्या पोटातून काढायचे तर ते कुठेतरी ठेवायला हवेत. आम्ही एक जेसन (साध्या मजकुरात माहिती मांडण्याची एक पद्धत) फाइल केली: मशीनचं नाव आणि त्यापुढे त्याच्या भूमिका. एक कॉमन बंडल ती वाचतं आणि प्रत्येक भूमिकेचा क्लास उभा करतं. कॉमन बंडलच का, तर त्यातले क्लास सगळीकडे दिसतात. साध्या एजंट बंडलमध्ये लिहिलेला क्लास, मुद्दाम सांगितलं नाही तर, त्याच बंडलपुरता राहतो. मग एकच छोटं मुख्य बंडल, ज्यात ‘वेबची भूमिका असेल तर या बंडलांना हाक मार’ अशा ओळी.

सगळ्याच मशीनना लागणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे एसएसएच, घड्याळ, लॉग, ॲडमिन युजर यांसाठी, ऑटोरन वापरलं. डेफ डॉट जेसन या सेटिंगच्या फाइलमध्ये एक क्लास चालू केला की सर्व्हिसेसच्या खालच्या ऑटोरन फोल्डरमध्ये टाकलेल्या फाइली आपोआप घेतल्या जातात आणि ‘ऑटोरन’ हा टॅग लावलेली बंडलं चालतात. मुख्य फाइलला हात लावावा लागत नाही. फक्त ती नावाच्या अक्षरक्रमाने चालतात. एका सहकाऱ्याने लगेच सुचवलं की नावांच्या आधी आकडे घालू, दहा, वीस, तीस, म्हणजे क्रम आपल्या हातात. मी नको म्हटलं. तीच जुनी यादी आकड्यांचा मुखवटा घालून परत आली असती. ज्याला क्रम लागतो ते ऑटोरनमध्ये जाणार नाही, एवढाच नियम ठेवला.

भूमिकांच्या पद्धतीचा एक धोका तिथल्या तिथेच दिसला. क्लासचं नाव लिहिताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर सीएफ-प्रॉमिसेस, म्हणजे पॉलिसीची तपासणी करणारा प्रोग्रॅम, काहीच बोलत नाही. व्याकरण बरोबर असतं. फक्त त्या नावाचा क्लास कधीच उभा राहत नाही आणि त्याखालचं सगळं निमूटपणे वगळलं जातं. कुठे एरर नाही, कुठे इशारा नाही. म्हणून आम्ही मान्य भूमिकांची एक यादी केली. जेसनमध्ये किंवा मुख्य बंडलमध्ये त्याबाहेरचं नाव आलं तर गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या अवजारात, कमिट होण्याआधीच अडवायचं. आणि ज्या मशीनला एकही भूमिका नाही तिने प्रत्येक रनला तसं रिपोर्टमध्ये ओरडून सांगायचं. ‘कशासाठी आहे आठवत नाही’ वाल्या मशीन अशाच सापडल्या.

व्याकरणच चुकलं तर मात्र सोय आहे. आलेली पॉलिसी वाचता येत नसली की एजंट फेलसेफ डॉट सीएफ नावाची छोटी, स्वतंत्र पॉलिसी चालवतो आणि हबकडून नव्याने मागवून घेतो. हबच बंद असला तर आपल्याकडच्या शेवटच्या प्रतीवर काम चालू ठेवतो. ओढून घेणाऱ्या पद्धतीचा हा मोठा आधार. म्हणूनच फेलसेफला कुणी ‘जरा सुधारणा’ करायला गेलं की मी आधी कारण विचारते.

सगळीकडे एकदम रोलआउट नको हे सर्वांना मान्य होतं, कसं ते नव्हतं. सीएफइंजिनमध्ये मशीनच्या नाव-पत्त्यावरून दिलेल्या क्लासांपैकी एक कायमचा निवडून देण्याची सोय आहे. चार नावं दिली की मशीन चार गटांत वाटली जातात, आणि प्रत्येक मशीन कायम त्याच गटात राहते. दिसायला छान. मी तीच मांडणी घेऊन डेटाबेस सांभाळणाऱ्या सिनियरकडे गेले.

“अगं, पण तुझ्या एजंटला काय माहीत प्रायमरी कोण आणि रेप्लिका कोण?” त्यांनी विचारलं.

“नाहीच माहीत.”

“मग दोन्ही एकाच गटात पडले आणि दोन्हीकडे एकदम रीस्टार्ट झाला तर रात्री फोन कुणाला येणार?”

प्रायमरी म्हणजे मुख्य डेटाबेस, रेप्लिका म्हणजे त्याची जोडीची प्रत. बॅकअप सुरू होण्याची वेळ विखुरण्यासाठी गट पाडण्याची ती सोय आम्ही ठेवली, तिथे ती चोख आहे. रोलआउटच्या लाटा मात्र त्याच जेसनमध्ये हाताने लिहिल्या: प्रत्येक भूमिकेची गेली तरी चालेल अशी मशीन पहिल्या लाटेत, जोडीतले दोघे कधीच एका लाटेत नाहीत, आणि डेटाबेसच्या ओळी त्यांनीच भरायच्या. नव्या पॉलिसीपुढे लाटेचा क्लास लावायचा, शेवटची लाट शांत गेली की तो काढायचा. वेळेची बंधनं घालताना एक काळजी घेतली. रात्री दोनचा म्हणून जो क्लास मिळतो तो त्या मशीनच्या स्थानिक वेळेचा असतो. आमच्या मशीन सगळ्या एका टाइमझोनवर नव्हत्या, म्हणून जीएमटी लावलेले क्लास वापरले.

मशीन-मशीनमधला क्रम हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग, आणि तो पूर्ण सुटला असं मी म्हणणार नाही. प्रत्येक एजंट स्वतःपुरता स्वतंत्र आहे. ‘डेटाबेसचं झालं की मगच वेबचं’ असं वरून सांगणारा कुणी नाही. हबवरून एखाद्या मशीनला ‘आत्ता चालव’ म्हणता येतं, पण चालतं ते तिच्याकडे असलेलंच. आम्ही अट घेणाऱ्याच्या बाजूला टाकली. वेबसर्व्हर स्वतः विचारतो: डेटाबेसच्या पोर्टवर जोडणी लागते का, स्कीमाची, म्हणजे डेटाबेसच्या रचनेची, आवृत्ती मला हवी ती आहे का? नसेल तर ॲप्लिकेशनच्या नव्या कॉन्फिगला हात लावत नाही, ‘जमलं नाही’ म्हणून नोंद करतो आणि पाच मिनिटांनी परत विचारतो. बहुतेक ठिकाणी हे पुरतं. फेलओव्हर, म्हणजे प्रायमरीची जागा रेप्लिकाला देणं, असल्या अटींत बसत नाही. तिथे पायऱ्याच लागतात, प्रत्येक पायरीला कुणीतरी बघावं लागतं. ते आम्ही पॉलिसीत कोंबलं नाही. त्यासाठी अँसिबलचं एक प्लेबुक, म्हणजे क्रमाने टास्क लिहिलेली फाइल, आहे, माणूस समोर बसून चालवतो, आणि तेवढा वेळ त्या जोडीवरचे एजंट थांबवलेले असतात. दोन अवजारं ठेवल्याबद्दल टोमणे ऐकले. ऐकून घेतले.

हाताने चाचणी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एजंट लागोपाठ दोनदा चालवला तर दुसऱ्यांदा तो काहीच करत नाही असं दिसतं, कारण एकदा बघितलेल्या प्रॉमिसवर मिनिटभराचं लॉक असतं. लॉक न मानण्याचा ऑप्शन देऊनच बघावं. आणि ड्राय रनवर, म्हणजे ‘काय करशील ते नुसतं सांग’ अशा चाचणीवर, फार विसंबू नये. तो काहीच बदलत नाही, म्हणजे ‘दुरुस्त केलं’ वरून उभे राहणारे क्लासही उभे राहत नाहीत, म्हणजे साखळीतली पहिली कडी दिसते आणि पुढच्या दिसतच नाहीत. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या मशीनवर, खरं चालवून बघण्याला पर्याय नाही.

शेवटी राहिलं ते काढून टाकणं. जेसनमधून भूमिका काढली की एजंट त्या विषयाकडे बघणं थांबवतो, बस. पॅकेज तिथेच, सर्व्हिस चालू, पोर्ट उघडं, क्रॉनची (ठरल्या वेळी काम चालवणारी) ओळ जागेवर. फक्त आता त्याला वाली नाही. पूर्वी यादीतून नाव खोडलं की काम संपलं असं समजलं जायचं, आणि बेवारस मशीनवर सापडलेलं अर्धं सामान अशाच खोडलेल्या बंडलांचं होतं. आता प्रत्येक भूमिकेला तिचं उलटं बंडल लिहावं लागतं: पॅकेज नसेल, सर्व्हिस बंद असेल, फाइल नसेल. भूमिका काढायची म्हणजे तिच्या जागी ती उलटी भूमिका द्यायची, मशीनचा रिपोर्ट सलग ‘होतंच’ दाखवायला लागला की मगच ओळ पुसायची. नवी भूमिका रिव्ह्यूला येते तेव्हा सोबत उलटं बंडल नसलं तर ती परत जाते. यावर कुरकुर होते, कारण बसवण्यापेक्षा उखडण्याचं बंडल लिहायला बहुतेक वेळा जास्त वेळ लागतो. डेटाबेसच्या भूमिकेचं उलटं बंडल तर आम्ही लिहिलेलंच नाही. डेटा कधी पुसायचा हे एजंटने ठरवू नये असं आमचं ठरलं आहे, त्यामुळे ती मशीन निवृत्त झाली की सरळ पुसून नव्याने उभी केली जाते.